व्हर्टिगो (चित्रपट)

व्हर्टिगो हा १९५८ साली प्रदर्शित झालेला अमेरिकन मानसशास्त्रीय थरारपट आहे. आल्फ्रेड हिचकॉक यांनी दिग्दर्शित केलेल्या या चित्रपटात जेम्स स्टुअर्ट आणि किम नोव्हॅक यांच्या प्रमुख भूमिका आहेत. ब्वालो-नार्सजाक या फ्रेंच लेखकद्वयाच्या १९५४ मधील कादंबरीवर तो आधारलेला आहे. शीर्षकाचा अर्थ भोवळ असा होतो. नायकाचा मूळ विकार मात्र उंचीचे भय हा असून भोवळ हे त्याचे लक्षण होय.

कथानक

सॅन फ्रान्सिस्को पोलीस दलातील गुप्तहेर स्कॉटी फर्ग्युसन एका पाठलागात छपराच्या कडेला लोंबकळत राहतो. त्याला वाचवू पाहणारा सहकारी खाली कोसळून मरण पावतो. या आघाताने स्कॉटी नोकरी सोडतो. पुढे गॅव्हिन एल्स्टर हा जुना मित्र त्याला आपली पत्नी मॅडलिन हिच्यावर पाळत ठेवण्यास सांगतो. आत्महत्या केलेल्या एका पूर्वज स्त्रीने तिला झपाटले आहे, असे तो भासवतो. पाळत ठेवता ठेवता स्कॉटी तिच्या प्रेमात पडतो. एके दिवशी ती चर्चच्या मनोऱ्यावर धावत जाते आणि उंचीच्या भयाने जिन्यातच खिळलेल्या स्कॉटीला ती खाली पडताना दिसते.

मानसिक आजारातून सावरल्यावर त्याला ज्युडी नावाची, मॅडलिनसारखी दिसणारी तरुणी भेटते. तो तिला मॅडलिनसारखाच करडा पोशाख घ्यायला लावतो, केसांचा रंग बदलायला लावतो, अंबाडाही तसाच हवा म्हणून हटून बसतो.

रहस्याची उकल

मूळ कादंबरीत रहस्य शेवटपर्यंत राखलेले आहे. हिचकॉक यांनी ते चित्रपट संपण्यापूर्वी सुमारे अर्धा तास प्रेक्षकांना सांगून टाकले. मॅडलिन म्हणून वावरणारी स्त्री ज्युडीच होती. मनोऱ्यावरून पडला तो एल्स्टरच्या खऱ्या पत्नीचा देह. हे स्कॉटीला ठाऊक नसते, प्रेक्षकाला असते. त्यामुळे 'खुनी कोण' हा प्रश्न मागे पडतो आणि एका जिवंत स्त्रीला पुसून तिच्या जागी मृत स्त्री उभी करणाऱ्या पुरुषाचा हट्ट उघडा पडतो. ज्युडीला तो हवा असतो, पण ज्युडी म्हणून; त्याला हवी असलेली स्त्री मुळात अस्तित्वातच नव्हती. चित्रपटातील खरी भीती मनोऱ्यापेक्षा या केशभूषेच्या आणि कपड्यांच्या प्रसंगांत अधिक आहे. एल्स्टरला शिक्षा झालेली पडद्यावर दिसत नाही, हेही उल्लेखनीय.

तंत्र

जिन्यातून खाली पाहताना जमीन दूर सरकल्याचा भास कॅमेरा मागे नेत असतानाच भिंगाने दृश्य जवळ आणून साधला आहे. त्यासाठी जिन्याची छोटी प्रतिकृती आडवी ठेवून चित्रण करण्यात आले. ही युक्ती पुढे असंख्य चित्रपटांत वापरली गेली. सॅन हुआन बाउतिस्ता येथील चर्च खरे आहे. पण चित्रपटात दिसणारा उंच मनोरा तेथे नव्हता, तो चित्रीकरणातील क्लृप्त्यांनी उभा केला. संगीत बर्नार्ड हरमन यांचे, तर वर्तुळाकार आकृत्यांची श्रेयनामावली सॉल बास यांची आहे.

प्रतिसाद

प्रदर्शनावेळी समीक्षकांचा प्रतिसाद संमिश्र होता. १९७० च्या दशकात हा चित्रपट वितरणातून काढून घेण्यात आला आणि हिचकॉक यांच्या निधनानंतर, १९८० च्या दशकात पुन्हा प्रेक्षकांसमोर आला. १९९६ मध्ये त्याची पुनर्स्थापित प्रत प्रदर्शित झाली. 'साइट अँड साउंड' या ब्रिटिश नियतकालिकाच्या २०१२ मधील समीक्षक-मतचाचणीत त्याने 'सिटिझन केन'ला मागे टाकून पहिले स्थान मिळवले. २०२२ मध्ये तो दुसऱ्या स्थानी होता.