कोणासाठी लिहिले जी हे?

काही वर्षांपूर्वी आम्ही पोळ्यावर एक लेख लिहिला होता. संदर्भग्रंथ चाळून, पिठोरी अमावास्येचे माहात्म्य सांगून, भाषेवर बराच हात फिरवून तो सिद्ध केला होता. योगायोगाने तो अंक आमच्या हाती असतानाच आदिलाबादला एका परिचितांच्या घरी मुक्काम पडला. घरातील आजीबाईंची दृष्टी अधू झालेली. तेव्हा सुनेने तो लेख ओसरीवर मोठ्याने वाचून दाखविला. 'पोळा हा बैलांचा सण होय' या आमच्या पहिल्याच वाक्याला आजीबाईंनी मान वर केली. पाच पिढ्या कापूस पिकविणारे ते घर. आदल्या दिवशीची खांदेमळणी, झूल, बाशिंगे, तोरणाखालच्या झडत्या हे सर्व त्यांच्या डोळ्यांदेखत दरवर्षी घडत आलेले. लेख संपल्यावर त्या एवढेच म्हणाल्या, "चांगलं हाये. पन कोनासाठी लिव्हलं जी हे?"

त्यांचा नातू हैदराबादला शिकत होता. त्याने कित्येक वर्षांत पोळा पाहिला नव्हता. त्याला ही माहिती हवी होती, परंतु त्याचे शिक्षण तेलुगू आणि इंग्रजीत झालेले, देवनागरी त्याला अडखळतच वाचता येई. म्हणजे ज्यांना तो लेख वाचता येत होता त्यांना त्याची गरज नव्हती, आणि ज्याला गरज होती त्याला तो वाचता येत नव्हता. इतका नेटका, इतका निरुपयोगी लेख आमच्या हातून दुसरा झाला नसेल.

आजीबाईंचा हा प्रश्न मनात घेऊन फिरताना आम्हांस याच मुलखातील एक जुनी हकीकत वारंवार आठवू लागली. आदिलाबादहून उटनूरच्या अंगाने डोंगरात शिरले की पुढे मारलवाई नावाचे गोंडांचे लहानसे गाव लागते. २०१६ साली जिल्ह्याचे विभाजन झाल्यापासून ते कोमरम भीम आसिफाबाद जिल्ह्यात मोडते. १९४० साली कोमरम भीम जोडेघाट येथे निजामाच्या पोलिसांच्या गोळीबारात मारले गेले. त्यानंतर सरकारला प्रश्न पडला, की हे शांत लोक उठले का? शोध घेण्यासाठी क्रिस्टोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ या ऑस्ट्रियन मानववंशशास्त्रज्ञास पाचारण करण्यात आले. ते व त्यांच्या पत्नी बेट्टी मारलवाईत राहिले, लोकांत मिसळले. त्यांना जे दिसले ते थोडक्यात असे: राखीव जंगलाच्या सीमा आखल्या गेल्या होत्या, पिढ्यानपिढ्या कसलेल्या जमिनींचे पट्टे भलत्यांच्याच नावे चढले होते, आणि हे सारे ज्या कागदांवर घडले ते कागद गोंडांना वाचता येत नव्हते. दरबारची भाषा उर्दू. कागद लिहिणाऱ्याने तो कोण वाचणार याचा विचारच केला नव्हता. किंवा कोणी वाचू नये, असाच विचार केला असेल.

१९४३ साली मारलवाईत गोंड शिक्षकांच्या प्रशिक्षणाचे केंद्र निघाले, आणि लगेच पहिली अडचण उभी राहिली. गोंडीत वाचन शिकवावयाचे खरे, परंतु कोणत्या लिपीत? राज्य उर्दूचे, जिल्ह्याचा मोठा भाग तेलुगू. सोयीचा मार्ग दोहोंपैकी एक लिपी घेण्याचा होता. पण या मंडळींनी आधी वाचणाऱ्याकडे पाहिले. पैनगंगेच्या दोन्ही तीरांवर बाजारहाटाची भाषा मराठी होती, आणि या डोंगरांतील गोंडांच्या कानांना तेलुगूपेक्षा मराठी अधिक सरावाची होती. ज्या थोड्या गोंडांना लिहिता-वाचता येत होते, त्यांतील बहुतेकांना ते मराठीत येत होते. म्हणून गोंडीची पहिली पुस्तके देवनागरीत छापली गेली. मजकूर गोंडीतला, अक्षरे आपल्या ओळखीची. पुढच्या वाचनपुस्तकांसाठी गोंडांच्याच पुराणकथांतून मजकूर घेण्यात आला.

आपल्या अंकलिपीत 'ज जहाजाचा' असतो. समुद्र न पाहिलेल्या मुलासमोर अक्षर आणि जहाज अशी दोन ओझी एकदम पडतात. गोंडांच्या घरात पाण्याला 'येर' म्हणतात आणि घराला 'रोन'. हे शब्द मुलाला शाळेत येण्यापूर्वीच ठाऊक असतात. त्यांच्यापासून आरंभ केला तर शिकावयाचे एकच उरते, ते म्हणजे अक्षर.

या कामाशी एका मराठी माणसाचे नाव जोडलेले आहे, याचा आम्हां सीमेबाहेरच्या मराठी मंडळींना अभिमान वाटावा. निलंग्यास १९१० साली जन्मलेले सेतुमाधवराव पगडी हैदराबाद संस्थानच्या सेवेत अधिकारी म्हणून आदिलाबादेत होते. महाराष्ट्र त्यांना शिवकालाचे इतिहासकार म्हणून ओळखतो. गालिबच्या गझला मराठीत आणणारे म्हणूनही काही जण ओळखतात. मात्र येथे असताना ते गोंडी शिकले, आणि गोंडी व कोलामी या दोन्ही भाषांची व्याकरणे त्यांनी लिहिली. ही व्याकरणे इंग्रजीत आहेत, यात आम्हांस काही विसंगत वाटत नाही. गोंडाला स्वतःच्या भाषेचे व्याकरण कशाला हवे? ते हवे होते त्याच्या दारात येणाऱ्या अधिकाऱ्याला, अभ्यासकाला. मुलासाठी वाचनपुस्तक गोंडीत, साहेबासाठी व्याकरण इंग्रजीत, आणि मराठी रसिकासाठी गालिब मराठीत. एका माणसाच्या आयुष्यात वाचक इतके बदलले, आणि प्रत्येक वेळी लेखणीने कूस बदलली.

ही जाण या डोंगरांत छापखाना येण्यापूर्वीची आहे. गोंडांच्या कुळकथा गाणारे परधान किकरीच्या साथीवर रात्र-रात्र आख्याने लावतात. हायमेनडॉर्फ यांनी नोंदविले आहे, की आदिलाबादच्या परधानांच्या घरात बोलली जाते ती मराठी. पण यजमान गोंड, देव गोंडांचे, ऐकणारे गोंड. म्हणून आख्यान गोंडीत. घरी मराठी बोलणारा हा गायक दुसऱ्याच्या भाषेत दुसऱ्याच्या पूर्वजांची कथा गातो, आणि ऐकणाऱ्यांना ती आपली वाटते. आम्ही लेखक मंडळी मात्र आपल्याच भाषेत लिहून परकी ठरतो.

पगडींच्या काळातील ती पुस्तके पुढे टिकली नाहीत. १९५६ साली राज्यांची पुनर्रचना झाली. किनवट आणि राजुरा हे तालुके आदिलाबादपासून वेगळे होऊन मुंबई राज्यात गेले, उरलेला जिल्हा आंध्र प्रदेशात. शाळांत तेलुगू आली, आणि देवनागरीतील गोंडी मागे पडली. आम्हांस येथे कोणास दोष द्यावयाचा नाही. तेलुगू राज्यात नोकरी करावयाची तर तेलुगू हवीच, आणि आमची मुलेही तीच शिकली. परंतु लिपी बदलली की वाचकांची एक पिढी नकळत मागे राहते. आमच्या घरांत आज तेच चालले आहे: आजीला तेलुगू अक्षर येत नाही, नातवाला मराठी. दोघे एकमेकांशी उत्तम बोलतात, पत्र मात्र लिहू शकत नाहीत.

एका लहानशा शब्दावर येथे थोडे रेंगाळावेसे वाटते. ऐकणाऱ्याला सोबत घेतले की नाही, हे मराठी 'आम्ही' आणि 'आपण' या दोन शब्दांत वेगळे करून सांगते. तेलुगूतही 'मेमु' आणि 'मनमु' असा नेमका हाच भेद आहे. उर्दूचे 'हम' दोघांना एकाच चादरीखाली घेते. आमचा पोळ्यावरचा तो लेख पुन्हा काढून पाहिला, तेव्हा त्यात 'आपण' एकदाही आलेला नव्हता. साराच 'आम्ही'.

यंदा तो लेख नव्याने लिहावयाचे ठरविले आहे. वाचक एकच, आजीबाईंचा नातू. त्याला अक्षरे वाचता येत नसली तरी मराठी कानाने पुरती समजते. तेव्हा मजकूर असा हवा की आजीबाईंनी सुनेकडून तो वाचून घ्यावा आणि दूरध्वनीवरून नातवाला आपल्या शब्दांत सांगावा. वाक्ये तोंडात बसतील एवढीच लांब, आणि अमावास्येचे माहात्म्य मागाहून. आरंभ कोठून करावा, हे मात्र सुचेना. म्हणून पुन्हा त्या ओसरीवर जाऊन बसलो आणि त्यांनाच विचारले.

त्यांना क्षणभरही विचार करावा लागला नाही. "आधी आपल्या बैलांची नावं लिव्हा जी," त्या म्हणाल्या, "तेवढी त्याले ठाऊक हायेत."