मर्यादेच्या आत की बाहेर : पाव शतकाचा मागोवा

माकुणसारच्या खाडीपासून किनाऱ्याने उत्तरेला निघाले की केळवे, माहीम, सातपाटी ओलांडून नवापूर लागते आणि पुढे तारापूर. तारापूर औद्योगिक वसाहतीतले सांडपाणी नवापूरच्या समुद्रात सोडले जाते. त्याच पाण्यावर पोट असलेल्या मच्छीमारांच्या वतीने अखिल भारतीय मांगेला समाज परिषदेने २०१६ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाकडे दाद मागितली. वकील, तज्ज्ञ, अधिकारी कितीही बोलले तरी अशा प्रकरणात कागदावरचा प्रश्न फार छोटा असतो. सामू ५.५ ते ९.० च्या दरम्यान आहे का? सीओडी, म्हणजे रासायनिक प्राणवायू मागणी, लिटरला २५० मिलिग्रॅमच्या आत आहे का?

नमुने थोडे होते तोवर हे काम रजिस्टरवर नजर फिरवून होई. फेब्रुवारी २०१४ मध्ये केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने अतिप्रदूषणकारी १७ प्रकारच्या उद्योगांना सांडपाणी आणि धुराची अखंड ऑनलाइन मोजणी बसवायला सांगितले, आणि चित्र पालटले. पंधरा मिनिटांना एक नोंद धरली तरी एका मापाच्या वर्षाला ३५,०४० नोंदी होतात. इथे नजर पुरत नाही, संगणकाची भाषा लागते.

ती भाषा तोवर आपल्याकडे रुळली होती. ऑकलंडच्या रॉस इहाका आणि रॉबर्ट जंटलमन यांनी घडवलेल्या ‘आर’ची १.० आवृत्ती २९ फेब्रुवारी २००० रोजी आली. २००८ मध्ये सुधा पुरोहित, शरद गोरे आणि शैलजा देशमुख यांचे ‘आर’मधून संख्याशास्त्र शिकवणारे इंग्रजी पुस्तक निघाले. ‘आर’ फुकट होती, त्यामुळे महागड्या परवान्याविना लहान कॉलेजातला विद्यार्थीही तीच हत्यारे वापरू लागला. याचे मोल मला आजही मोठे वाटते.

आकडा मर्यादेच्या पट्ट्यात आहे का हे तपासायची सुरुवातीची पद्धत सरळ होती. आकडा खालच्या टोकाइतका किंवा मोठा, आणि वरच्या टोकाइतका किंवा लहान, अशा दोन तुलना ‘आणि’ने जोडायच्या. पट्टा एकच असेल तर आजही याहून चांगले काही नाही, कारण ‘आर’ सगळा रकाना एका दमात तपासते. अडचण येते ती पट्टे अनेक असतात तेव्हा. समजा, संयंत्र बंद असल्याच्या हजार कालखंडांची यादी आहे आणि वर्षभरातली कोणती नोंद त्यातल्या कोणत्या कालखंडात पडते ते हवे आहे. प्रत्येक नोंद प्रत्येक कालखंडाशी ताडली तर साडेतीन कोटी वेळा ताडावे लागते. तेच कालखंड आधी क्रमाने लावले आणि दरवेळी मधोमध पाहून निम्मी यादी सोडत गेले, तर एका नोंदीला दहाएक पायऱ्या पुरतात, म्हणजे एकूण साडेतीन लाख. ‘फाइंडइंटरव्हल’ हे फंक्शन नेमके असेच चालते. नोंदीही क्रमाने असल्या तर ते मागच्या उत्तराच्या आसपासच शोधते आणि आणखी वेगाने पळते.

पण कालखंड एकमेकांवर चढले की ‘फाइंडइंटरव्हल’ हतबल होते. त्यावरचा उपाय आला जीवशास्त्राकडून. गुणसूत्रावरची जनुके म्हणजे एकमेकांवर पडणारे पट्टेच, आणि त्यांच्यासाठी बायोकंडक्टर प्रकल्पात ‘आयरेंजेस’ घडले. तीच कल्पना ‘आर’च्या ‘डेटा.टेबल’ या पॅकेजने २०१४ मध्ये ‘एफओव्हरलॅप्स’च्या रूपाने घेतली, २०१६ मध्ये ‘इनरेंज’ आले, आणि जानेवारी २०२३ मध्ये ‘डीप्लायर’ या पॅकेजच्या १.१.० आवृत्तीने दोन तक्ते पट्ट्यांवरून थेट जोडायची सोय दिली.

वेगाचा प्रश्न असा सुटत गेला. टोकांचा मात्र तसाच आहे, आणि माझ्या मते खरे नुकसान तिथेच होते. ‘कट’ला काही न सांगता वापरले तर ते पट्ट्याचे वरचे टोक आत धरते, खालचे बाहेर; ‘फाइंडइंटरव्हल’ उलट. ‘बिट्वीन’ दोन्ही आत घेते. सामू बरोबर ५.५ आला, तर फंक्शन बदलताच निकाल बदलू शकतो.

हवेचेही तेच. २०१५ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय वायू गुणवत्ता निर्देशांकात पीएम २.५ चे पट्टे ० ते ३०, ३१ ते ६०, ६१ ते ९० असे छापलेले आहेत. चोवीस तासांची सरासरी ३०.४ आली तर? छापील आकडे जसेच्या तसे प्रोग्रॅममध्ये उतरवले की ती कुठल्याच पट्ट्यात बसत नाही. दिवस नोंदीतून गळतो आणि कोणाला कळतही नाही.

तारखांचेही असेच. मासेमारीबंदी १ जून ते ३१ जुलै. सातपाटीच्या बंदरावरची नोंद वेळेसह ठेवली आणि वरचे टोक नुसते ‘३१ जुलै’ लिहिले, तर संगणक त्या दिवसाची मध्यरात्र, म्हणजे दिवसाची सुरुवात धरतो. बंदीचा शेवटचा अख्खा दिवस बाहेर. म्हणून वरचे टोक १ ऑगस्ट लिहावे आणि ते वगळावे.

दशांशाचा दगा याहून सूक्ष्म. नदीनाल्यात सोडायच्या सांडपाण्यात शिशाची मर्यादा लिटरला ०.१ मिलिग्रॅम आहे. संगणकाला द्विमान पद्धतीत ०.१ नेमके मांडता येत नाही, ०.१ तीनदा एकेक करून मिळवले की बेरीज ०.३ पेक्षा केसभर जास्त भरते. ती बेरीज ०.३ शी ताडली, तर तीन नमुने काठोकाठ मर्यादेत असताना कारखाना दोषी ठरेल. तुलनेआधी आकडा उपकरणाच्या अचूकतेइतका पूर्णांकित करावा.

आजच्या ‘डीप्लायर’मध्ये पट्टा जुळवतानाच कोणते टोक आत आणि कोणते बाहेर ते लिहून देता येते, ‘डेटा.टेबल’मध्येही टोके धरायची की सोडायची ते सांगता येते. ते लिहावेच, आणि खऱ्या नोंदी घालण्याआधी ५.४, ५.५, ९.० आणि ९.१ हे चार आकडे चालवून पाहावेत. कोणते टोक धरले हे अहवालाच्या पहिल्या पानावर छापलेले असले, तर नवापूरचा मच्छीमार आणि कारखान्याचा रसायनतज्ज्ञ दोघेही तोच हिशेब स्वतः पडताळून पाहू शकतील.