दोन पानांवर हजार वर्षं

बदलापूरकरांना पाऊस म्हणजे काय हे वेगळं सांगायला नको. जुलै २०१९ मध्ये उल्हास नदी पात्र सोडून पसरली आणि महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर-वांगणीच्या मध्ये पाण्यात अडकली. प्रवाशांना होड्यांतून काढावं लागलं, आठवतंय ना? आता बरोब्बर उलटी जागा डोळ्यांसमोर आणा. आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरचं नामिब वाळवंट. तिथे वर्षभरात १०० मिलिमीटर पाऊस पडला तरी चैन. आपल्याकडे जुलैत तेवढा एका दिवसात पडून मोकळा होतो.

अशा ठिकाणी वेल्विचिया उगवते. फोटो बघून फार काही वाटणार नाही; कुणीतरी फाटकी ताडपत्री वाळूत टाकून गेलंय इतकंच. पण त्या चिंध्या मोजायला गेलात तर फसाल. पानं दोनच असतात!

बी रुजलं की आधी दोन बीजदलं येतात आणि काही काळाने गळून जातात. मग खऱ्या पानांची एक जोडी फुटते आणि थोड्याच दिवसांत शेंड्याचा कोंब मरतो. इतर झाडं शेंड्याकडून वाढतात, नवी पानं काढतात, जुनी टाकून देतात. हिला तो रस्ताच बंद. मग ही दोन पानं बुडाकडून वाढत राहतात, आपल्या नखांसारखी. टोकं उन्हाने करपतात, वाऱ्याने झिजतात, उभी फाटून पट्ट्या होतात. बुडाशी मात्र नवं पान तयार होतच असतं. काही झाडं हजार वर्षांहून जुनी आहेत, म्हणजे शिवरायांच्या जन्माआधीपासून त्याच दोन पानांवर संसार चाललाय. पाणी? समुद्रावरून धुकं येतं, ते पानांवर साचून थेंबाथेंबाने मुळांशी उतरतं.

फ्रीडरिख वेल्विच या ऑस्ट्रियन वनस्पतिशास्त्रज्ञाला हे झाड १८५९ मध्ये अंगोलात दिसलं. हात लावला तर भास ठरेल या धास्तीने तो तापलेल्या जमिनीवर गुडघे टेकून नुसता बघत राहिला, असं सांगतात. २०२१ मध्ये हिचा जीनोम वाचला गेला. सुमारे ८.६ कोटी वर्षांपूर्वी हिच्या पूर्वजांत सगळा जीनोम दुप्पट झाला होता, म्हणजे प्रत्येक जनुकाची जादा प्रत. अशा जादा प्रतींना उत्क्रांतीत नवी कामं मिळू शकतात. पण डीएनएमधला निरुपयोगी पसारा सांभाळायलाही ऊर्जा लागते, म्हणून या झाडाने त्यातला बराच भाग रासायनिक कुलूप घालून गप्प केलाय. काटकसर म्हणावी तर अशी.

इतकं चिवट झाड, पण त्याचं बाळ अगदी नाजूक. नर आणि मादी झाडं वेगळी. बऱ्याचशा बिया बुरशीने जातात, उरलेल्या एखाद्या चांगल्या पावसाच्या वर्षाची वाट बघतात. मोठ्या झाडाची मुळं गाडीच्या चाकाखाली चिरडली तर ती जागा भरायला किती शतकं लागतील, हिशोब करा.

बॉटनीवाल्यांनो, आता तुमच्यासाठी. वेल्विचियाला जगात जवळची नातलग दोनच. एक एफिड्रा, कोरड्या आणि थंड मुलखातली. सर्दीच्या औषधातलं एफिड्रिन मूळचं तिचं. दुसरं नीटम. हो, सिलॅबसमधलं, पाच मार्कांसाठी आकृतीसकट घोकलेलं तेच! त्याची ‘नीटम ऊला’ ही जात आपल्या सह्याद्रीत आहे. मराठीत उंबळी. बदलापूरहून कर्जत गाठा, पुढे बोरघाट चढा. पाठ्यपुस्तकांत ठिकाण म्हणून ज्या खंडाळ्याचं नाव असतं तो हाच.

उंबळी वाळवंटातली नाही, भर पावसातली. झाडांवर चढत जाणारी जाडजूड वेल, सांधे फुगीर, पानं समोरासमोर जोडीने. पानांवर जाळीदार शिरा असल्याने कुणीही तिला आंब्या-फणसाच्या पंक्तीत बसवेल. फुलझाडांचा पूर्वज याच घराण्यातला, असंही एकेकाळी अनेकांना वाटत होतं. डीएनए तपासल्यावर ती पाइनच्या जवळची निघाली. बी उघडंच, वर खरं फळ नाही.

तर या पावसाळ्यात ट्रेकला गेलात की अशा वेलीच्या सांध्याजवळ बघा. मणी ओवल्यासारख्या, एकावर एक कड्या असलेल्या दांड्या दिसल्या तर फोटो काढा, तोडू मात्र नका. आणि सोबतच्यांना सांगा, हिची बहीण नामिबमध्ये असते.