पगाराचा हिशेब आणि ‘उचल’

आपल्या बीड जिल्ह्यात ‘उचल’ म्हणजे काय हे कोणाला सांगावे लागत नाही. ऊसतोड मजूर ती हंगामाआधी घेतो व तोडणीतून फेडतो. हिशेब मात्र मुकादमाच्या वहीत राहतो. म्हणून लहान दुकान-कारखान्यासाठी पगाराचे सॉफ्टवेअर निवडताना प्रथम हे पाहावे, की उचल, कपात व बाकी पगारपत्रकावर मराठीत उमटते काय? दुसरी कसोटी व्यवसाय कराची. महाराष्ट्रात दहा हजारांवर पगार असलेल्या पुरुषाचे दरमहा २०० रुपये कापले जातात, फेब्रुवारीत ३००. स्त्रियांना २०२३ पासून २५,००० पर्यंत माफी आहे. हा फरक न जाणणारे सॉफ्टवेअर स्वस्त असले तरी घेऊ नये. स्वतःची बाकी किती, हे कामगाराला स्वतः वाचता आले पाहिजे.