वॉशिंग मशीनवर शुल्क लागले, मग ड्रायर का महागले?

अमेरिकेने फेब्रुवारी २०१८ मध्ये परदेशातून येणाऱ्या वॉशिंग मशीनवर जबर आयात शुल्क लावले. काही महिन्यांतच तिथल्या दुकानांत वॉशिंग मशीनच्या किमती सुमारे १२ टक्क्यांनी चढल्या. शुल्क लागले की माल महागतो, त्यात नवल नाही. नवल पुढे आहे. कपडे वाळवणाऱ्या ड्रायरवर या आदेशाने एक सेंटही शुल्क लावले नव्हते, तरी ड्रायरही जवळपास तेवढेच महागले.

या प्रकरणाशी आपला संबंध काय, असे वाटू शकते. पण मार्च २०२५ मध्ये केंद्र सरकारने चीनमधून येणाऱ्या स्टीलच्या थर्मासवर टनामागे १,७३२ डॉलरपर्यंत प्रतिडम्पिंग शुल्क लावले, तेही पाच वर्षांसाठी. अर्धा किलो वजनाच्या एका थर्मासमागे हा बोजा पाऊणशे रुपयांच्या आसपास जातो. असे शुल्क कुणाच्या तक्रारीवरून लागते, त्याचा आकडा कसा काढतात आणि शेवटी तो कुणाच्या खिशातून जातो, हे समजून घ्यायला अमेरिकेतील वॉशिंग मशीनच्या प्रकरणाइतके तपशीलवार नोंदलेले दुसरे उदाहरण क्वचितच सापडेल.

डम्पिंग म्हणजे नुसते स्वस्त विकणे नव्हे

परदेशी माल स्वस्त आहे, एवढ्यावर कोणत्याही देशाला असे शुल्क लावता येत नाही. जागतिक व्यापार संघटनेच्या नियमांनुसार डम्पिंग म्हणजे एखादी वस्तू स्वतःच्या देशात ज्या भावाने विकली जाते, त्याहून कमी भावाने ती परदेशात विकणे. कोरियात ५०० डॉलरला विकले जाणारे यंत्र अमेरिकेत ४५० डॉलरला विकले, तर ५० डॉलरची तफावत म्हणजे डम्पिंग. ते यंत्र अमेरिकी यंत्रापेक्षा स्वस्त आहे की महाग, हा मुद्दाच इथे येत नाही.

डम्पिंग सिद्ध झाले म्हणूनही काम भागत नाही. त्यामुळे देशी उद्योगाचे खरोखर नुकसान झाले आणि ते याच मालामुळे झाले, हेही दाखवावे लागते. अमेरिकेत ही कामे दोन वेगळ्या यंत्रणा करतात. तफावतीचा हिशेब वाणिज्य विभाग मांडतो, नुकसानीचा निकाल आंतरराष्ट्रीय व्यापार आयोग देतो. दोघांचेही उत्तर ‘हो’ आले, तरच शुल्क लागते.

याच्या शेजारी आणखी दोन प्रकार आहेत. परदेशी सरकारने कारखान्याला अनुदान किंवा करसवलत दिली असेल, तर तेवढ्या रकमेपुरते वेगळे शुल्क लावता येते. तिसरा प्रकार संरक्षक शुल्काचा. त्यात कुणी लबाडी केली, असा आरोपच नसतो. आयात अचानक वाढली आणि देशी उद्योग गंभीर अडचणीत आला, एवढे पुरते. वॉशिंग मशीनच्या प्रकरणात अमेरिकेने ही तिन्ही हत्यारे वापरली.

तक्रार कुणाची होती?

व्हर्लपूल या अमेरिकी कंपनीची. ओहायो राज्यातील क्लाइड या छोट्या गावात तिचा वॉशिंग मशीनचा प्रचंड कारखाना आहे. २००६ मध्ये व्हर्लपूलने मेटॅग ही प्रतिस्पर्धी कंपनी विकत घेतली. दोन बड्या कंपन्या एक झाल्या तर मक्तेदारी होईल का, याची चौकशी अमेरिकेच्या न्याय विभागाने केली आणि व्यवहाराला हरकत घेतली नाही. त्यामागच्या कारणांत एक असे होते की, एलजी आणि सॅमसंगसारख्या नव्या ब्रँडनी बाजारात झपाट्याने पाय रोवले आहेत, त्यामुळे स्पर्धा टिकून राहील. पाचच वर्षांनी, डिसेंबर २०११ मध्ये, व्हर्लपूलने याच स्पर्धेविरुद्ध सरकारकडे धाव घेतली.

कोरिया आणि मेक्सिकोतून येणाऱ्या मोठ्या घरगुती वॉशिंग मशीनविरुद्ध ही तक्रार होती. २०१३ च्या सुरुवातीला शुल्क लागू झाले. कोरियातून येणाऱ्या मालात सॅमसंगची तफावत सुमारे ९ टक्के, तर एलजीची सुमारे १३ टक्के निघाली. अनुदानाचाही तपास झाला. त्यात सॅमसंगला मिळालेला लाभ दोन टक्क्यांच्या आत भरला, तर एलजीचा नगण्य ठरला. म्हणजे ‘कोरियाचे सरकार या कंपन्यांना पोसते’ या गाजलेल्या आरोपातून हाती फारसे काही लागले नाही. मुख्य मदार डम्पिंगच्या आकड्यावरच राहिली.

हा आकडा निघतो कसा?

वरवर पाहता हिशेब सोपा आहे. देशातल्या भावातून निर्यातीचा भाव वजा करायचा. प्रत्यक्षात एका कंपनीचे हजारो व्यवहार असतात, वेगवेगळी मॉडेल असतात, वाहतूक खर्च, वॉरंटी आणि दुकानदाराला दिलेली सूट असते. त्यात अमेरिकेत नोव्हेंबरच्या अखेरीस ‘ब्लॅक फ्रायडे’चा सेल लागतो. आपल्याकडे दिवाळीत असतो तसा, थोडा अधिक उन्मादाचा. या सेलमधल्या सवलतींवर तपासात विशेष बोट ठेवले गेले.

समजा, कोरियातला भाव ५०० डॉलर आहे. अमेरिकेत एक यंत्र सेलमध्ये ४५० ला गेले आणि दुसरे एरवी ५५० ला. सरासरी ५०० आली, म्हणजे डम्पिंग शून्य. पण अमेरिकेच्या वाणिज्य विभागाने वापरलेल्या पद्धतीत दुसऱ्या व्यवहारातले ५० डॉलर ‘शून्य’ धरले जात. पहिल्यातली ५० डॉलरची तूट मात्र पूर्ण मोजली जाई. मग एकूण एक हजार डॉलरच्या विक्रीवर ५० डॉलर, म्हणजे ५ टक्के डम्पिंग झाले. ‘झिरोइंग’ नावाने कुप्रसिद्ध असलेली ही पद्धत व्यापारतज्ज्ञांच्या टीकेचे जुने लक्ष्य आहे आणि ती टीका रास्त आहे. पैलवानाचे फक्त हरलेले डाव मोजून त्याला कमजोर ठरवण्यासारखा हा प्रकार. कोरियाने या प्रकरणात जागतिक व्यापार संघटनेकडे दाद मागितली आणि सप्टेंबर २०१६ मध्ये तिच्या अपील मंडळाने ही पद्धत नियमबाह्य ठरवली.

तोवर कारखानेच हलले होते

निकाल लागेपर्यंत त्याला फारसा अर्थ उरला नव्हता. प्रतिडम्पिंग शुल्क एखाद्या कंपनीवर जगभर लागत नाही. ते ठरावीक देशातून येणाऱ्या मालावर लागते. त्यामुळे सॅमसंग आणि एलजीने अमेरिकेसाठीचे उत्पादन कोरिया-मेक्सिकोतून चीनमध्ये हलवले. डिसेंबर २०१५ मध्ये व्हर्लपूलने चीनविरुद्ध नवी तक्रार केली.

चीनच्या बाबतीत हिशेबाची तऱ्हाच निराळी. चीनमधले भाव बाजारात ठरत नाहीत, असे धरून अमेरिका तिथला देशांतर्गत भाव विचारातच घेत नाही. एका यंत्राला किती पोलाद, किती वीज, किती मजुरी लागली ते मोजायचे आणि त्याला तिसऱ्याच एखाद्या देशातले दर लावून किंमत काढायची. या वेळी सॅमसंगवर सुमारे ५२ टक्के आणि एलजीवर सुमारे ३२ टक्के शुल्क लागले. कंपन्या त्याच, यंत्रेही साधारण तीच. मोजपट्टी बदलली तशी टक्केवारीही चढली.

२०१७ च्या सुरुवातीला हा आदेश निघाला, तेव्हा उत्पादन थायलंड आणि व्हिएतनामकडे सरकलेही होते. एका देशाचा दरवाजा बंद करावा तर माल दुसऱ्या देशातून यावा, असा हा पाठशिवणीचा खेळ होता. ग्राहकाला त्याची झळ फारशी बसली नाही, कारण नव्या ठिकाणी तयार झालेला माल साधारण जुन्याच भावात येत राहिला.

अखेर मे २०१७ मध्ये व्हर्लपूलने तिसरे हत्यार मागितले : संरक्षक शुल्क. ते जवळपास सगळ्याच देशांवर एकदम लागते, त्यामुळे पळायला जागा उरत नाही. व्यापार आयोगाने ऑक्टोबरमध्ये एकमताने व्हर्लपूलच्या बाजूने कौल दिला. जानेवारी २०१८ मध्ये तत्कालीन अध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प यांनी आदेश काढला. वर्षाला पहिल्या १२ लाख यंत्रांवर २० टक्के, त्यापुढे ५० टक्के.

बिल कुणी भरले?

फेडरल रिझर्व्हचे आरोन फ्लाएन आणि शिकागो विद्यापीठाचे अली होर्ताचसू व फेलिक्स टिंटेलनॉट या अर्थशास्त्रज्ञांनी दुकानांतील किमतींचा बारकाईने अभ्यास केला. २०२० मध्ये तो प्रसिद्ध झाला. वॉशिंग मशीन सरासरी ८६ डॉलरने महागले आणि ड्रायर ९२ डॉलरने.

ड्रायरचे कोडे इथे सुटते. अमेरिकी घरांत दोरीवर कपडे वाळत घालण्याची रीत कमी. वॉशर आणि ड्रायर जोडीनेच विकत घेतले जातात आणि दुकानात दोघांवर बहुधा सारखीच किंमत लिहिलेली असते. सगळी वाढ एकट्या वॉशरवर टाकली असती, तर ती ग्राहकाच्या डोळ्यांत भरली असती. विक्रेत्यांनी ती दोघांत वाटली. शिवाय महागली ती फक्त कोरियन यंत्रे नव्हेत. परदेशी स्पर्धकाचा भाव चढल्यावर आपला भाव खाली ठेवण्याचे देशी उत्पादकालाही कारण उरले नाही, आणि त्यांनीही दर वाढवले.

या वाढीचा एकूण बोजा या अभ्यासाच्या अंदाजानुसार वर्षाला सुमारे १५० कोटी डॉलर होता. सरकारी तिजोरीत शुल्क म्हणून जमा झाले सुमारे ८ कोटी २० लाख डॉलर. बदल्यात व्हर्लपूल, सॅमसंग आणि एलजी यांच्या अमेरिकेतील कारखान्यांत मिळून सुमारे १,८०० नोकऱ्या निर्माण झाल्या. भागाकार केला तर एका नोकरीमागे ग्राहकांनी वर्षाला सुमारे ८ लाख १५ हजार डॉलर मोजले. कोणत्याही वॉशिंग मशीन कामगाराचा पगार याच्या जवळपासही जात नाही.

तरी दुसरी बाजू उडवून लावण्यासारखी नाही. सॅमसंगने साउथ कॅरोलायनातील न्यूबेरी येथे, तर एलजीने टेनेसीतील क्लार्क्सव्हिल येथे कारखाना उभारला. या भागांत नव्या कारखान्याचे मोल केवळ पगाराच्या आकड्यात मोजता येत नाही. क्लाइडसारख्या गावातला मोठा कारखाना बंद पडला, तर गावाचे काय होते, हे गिरण्यांचा संप पाहिलेल्या मुंबईकराला वेगळे सांगायला नको. पण व्हर्लपूलने ज्यांना बाहेर ठेवण्यासाठी सहा वर्षे झगडा केला, ते दोघे आता तिच्या अंगणातच उत्पादन करू लागले. त्यात मार्च २०१८ मध्ये ट्रम्प यांनी पोलाद आणि ॲल्युमिनियमवरही शुल्क लावले आणि व्हर्लपूलचा कच्चा माल महागला. पुण्याजवळच्या रांजणगाव एमआयडीसीत मात्र व्हर्लपूल आणि एलजी या दोन्ही कंपन्यांचे कारखाने आहेत.

संरक्षक शुल्क दरवर्षी थोडे कमी होत गेले, मध्ये दोन वर्षांची मुदतवाढ मिळाली आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये ते संपले.

भारतात ग्राहकाचे म्हणणे कोण ऐकते?

आपल्याकडे असा तपास वाणिज्य मंत्रालयाचे व्यापार उपाय महासंचालनालय, म्हणजे डीजीटीआर, करते. तक्रार उद्योगानेच करायची असते. तक्रारीच्या बाजूने उभ्या असलेल्या कंपन्यांचे उत्पादन देशातील एकूण उत्पादनाच्या किमान २५ टक्के असावे लागते. तपास साधारण वर्षभरात, फार तर दीड वर्षात संपवायचा असतो. महासंचालनालय शुल्काची फक्त शिफारस करते. ते लावायचे की नाही, हे अर्थ मंत्रालय ठरवते आणि शिफारस नाकारल्याची उदाहरणेही अलीकडच्या वर्षांत आहेत. भारतात आणखी एक बरी तरतूद आहे. डम्पिंगची तफावत मोठी असली, तरी देशी उद्योगाचे नुकसान भरून निघेल एवढेच शुल्क लावायचे. अमेरिकेत अशी मर्यादा नाही.

दुकानात सर्रास विकल्या जाणाऱ्या वस्तूचा तपास असेल, तर ग्राहक संघटनांना माहिती मांडण्याची संधी द्यावी, असेही १९९५ च्या भारतीय नियमांत लिहिलेले आहे. मात्र कंपन्यांकडे यासाठी वकील असतात, हिशेबनीस असतात आणि एका आकड्यावर कोट्यवधींचा फायदा-तोटा ठरत असतो. थर्मास घेणाऱ्याचे नुकसान पाऊणशे रुपयांचे. तेवढ्यासाठी सुनावणीला दिल्ली कोण गाठणार? थर्मासवरच्या शुल्काची मुदत मार्च २०३० मध्ये संपते. ते पुढे चालू ठेवायचे असेल, तर त्याआधी फेरतपास करावा लागेल, आणि ग्राहक संघटनांना बोलण्याची संधी तेव्हा पुन्हा मिळेल.