गरम पाण्यापासून फेल्टच्या गोळीपर्यंत

१८१८ च्या जानेवारीत कर्नल प्रॉथरच्या फौजेने पनवेलजवळचा कर्नाळा किल्ला घेतला. ठासणीच्या बंदुकांचा तो काळ. काळी दारू जळताना निम्म्याहून अधिक वजनाचा वायू होतच नाही. त्याचे घन क्षार बनतात. काही धुरातून जातात, बाकीचे नळीला चिकटतात आणि हवेतला ओलावा ओढून घेतात. कोकणच्या पावसाळ्यात अशी नळी रात्रभर तशीच ठेवली, तर सकाळी गंज ठरलेलाच! म्हणून बार काढले की गरम पाणी ओतायचे, गजाला चिंधी गुंडाळून नळी कोरडी करायची आणि वर तेलाचा हात. परवान्याची ठासणीची बंदूक बाळगणाऱ्या शेतकऱ्याला आजही यातून सुटका नाही.

या काजळीवर इंग्रजांनी नळीच्या आतच उपाय शोधला. १८८८ च्या ली-मेटफर्ड रायफलीच्या नळीतले आटे मुद्दाम उथळ आणि गोलसर ठेवले होते, काजळी कोपऱ्यांत बसू नये म्हणून. पण लगेचच कॉर्डाइट ही धूररहित दारू आली. काजळी घटली, उष्णतेने मात्र ते आटेच झिजू लागले. १८९५ मध्ये खोल आट्यांची ली-एनफिल्ड आली.

तरी गरम पाणी सुटले नाही. आता दोष काडतुसाच्या टोपीचा होता: तिच्यातले पोटॅशियम क्लोरेट जळून मिठासारखा क्षार उरे. तेलात तो विरघळत नाही, पाण्यात विरघळतो. त्यामुळे .३०३ ची ली-एनफिल्ड वापरणाऱ्यांकडे पुलथ्रू (नळीतून ओढायची दोरी) आणि चिंधीच्या जोडीला उकळत्या पाण्याची किटलीही असे.

पनवेलमध्ये या कथेने वेगळेच वळण घेतले. २००४ मध्ये क्वालालंपूरला ४०० पैकी ४०० गुण मिळवणाऱ्या नेमबाज सुमा शिरूर यांनी २००६ मध्ये लक्ष्य शूटिंग क्लब सुरू केला. क्लबच्या कर्नाळा स्पोर्ट्स अकादमीतल्या रेंजवर एअर रायफलीत दारूच नसते; दाबलेली हवा ४.५ मिलिमीटरचा शिशाचा छर्रा ढकलते. उरतो तो शिशाचा पातळ लेप. त्यासाठी फेल्टची छोटी गोळी छर्र्यासारखी भरून झाडतात. पहिली करडी होऊन बाहेर पडते, पुढची बरीच स्वच्छ.

उत्साही नवशिके इथेच चुकतात. पुढून घातलेला धातूचा गज नळीच्या तोंडाची कड घासतो, आणि छर्रा सुटण्याआधी शेवटचा आधार त्याच कडेचा असतो. आत तेल राहिले, तर पहिले काही नेम भरकटतात. तेव्हा नळी रोज घासत बसू नका. छर्र्यांचे ग्रुपिंग पसरू लागले, तर आधी प्रशिक्षकांना दाखवा.