टाळता येणारी भरती

पुण्यातल्या ससूनसारख्या मोठ्या रुग्णालयात भरती होणाऱ्या मुलांचे आजार पाहिले, तर त्यांचे दोन गट पडतात. अपेंडिक्स सुजले तर भरती चुकत नाही. जुलाबाने शरीर कोरडे पडणे, बळावलेला न्यूमोनिया, दम्याचा झटका यांचे तसे नाही. वेळेवर, घराजवळ उपचार मिळाले असते तर यांतल्या बऱ्याच मुलांना खाट लागलीच नसती.

जुलाबाचेच पाहू. बाळाच्या शरीरातला पाण्याचा साठा लहान. तो काही तासांत खालावतो. जलसंजीवनीतली साखर आतड्यात शिरताना मिठातले सोडियम सोबत घेते आणि त्यांच्यामागोमाग पाणी शोषले जाते. जुलाब चालू असतानाही ही वाट बहुधा शाबूत असते. पण मूल ग्लानीत गेले की ते पिऊ शकत नाही, मग सलाईनला पर्याय उरत नाही. पाकीट तेच, उशीर तेवढा महाग!

न्यूमोनियाचा धडा गडचिरोलीचा. डॉ. अभय व राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने तिथे गावातल्याच माणसांना श्वास मोजून न्यूमोनिया ओळखायला आणि प्रतिजैविक द्यायला शिकवले. 1990 साली 'लॅन्सेट'मध्ये आलेल्या निष्कर्षांनुसार पाच वर्षांखालील दर हजार मुलांमागे न्यूमोनियाचे मृत्यू या गावांत 8.1, तर तुलनेच्या गावांत 17.5 होते.

पुण्यात अंतर किलोमीटरचे नसते, असे कुणी म्हणेल. खरे आहे. पण दवाखाना फक्त सकाळी उघडत असेल आणि आई त्याच वेळी चार घरची धुणीभांडी करत असेल, तर समोरच्या गल्लीतला दवाखानाही तिला लांबच. रोज बुडवायचा की अजून एक दिवस वाट पाहायची, हा तिचा हिशेब असतो.

मात्र भरतीचे आकडे जपून वाचावेत. जिथे आजारी मूल रुग्णालयापर्यंत पोचतच नाही, तिथे भरती कमीच दिसणार. तिथे प्राथमिक सेवा सुरू झाली की भरती आधी वाढूही शकते. म्हणून हा आकडा बालमृत्यूंच्या शेजारी ठेवूनच पाहायला हवा.

वर्गासाठी एक प्रयोग सुचवतो. घरातल्या धाकट्या भावंडाचे श्वास मुलांना मोजू द्या. खोकला किंवा श्वासाचा त्रास असताना दोन महिन्यांखाली मिनिटाला 60, वर्षापर्यंत 50 आणि पाच वर्षांपर्यंत 40 किंवा अधिक श्वास असतील, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. मोजताना बाळ शांत असावे आणि पूर्ण मिनिट मोजावे. तान्ह्या बाळाचा श्वास एका लयीत चालत नाही. पंधरा सेकंद मोजून चारने गुणले की उत्तर चुकते.